स्नोमोबाईल घ्यायची आहे : ट्रेल परमिट, इन्शुरन्स, जुनी स्लेड (ओन्टारिओ, कॅनडा)

बॅरीकर

नमस्कार मंडळी. आम्ही ब्रॅम्प्टन सोडून बॅरीच्या उत्तरेला राहायला आलोय. इथे समोरच्या दोन्ही घरांत स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी, इथे तिला स्लेडही म्हणतात) आहेत, शनिवारी सकाळी ती मंडळी ट्रेलर जोडून निघतात ते अंधार पडल्यावर परत येतात आणि चेहरे बघाल तर नुसते फुललेले असतात. मला आणि बायकोला दोघांनाही हे मनापासून करायचंय. यूट्यूबवर खूप बघून झालं पण तिथे सगळं नव्या मॉडेलचं कौतुक असतं, खर्चाचं आणि नियमांचं कोणी धड बोलत नाही म्हणून इथे विचारतोय.

ट्रेल परमिट नक्की कशाचं असतं, दोघांचं मिळून एक चालतं का? इन्शुरन्स सक्तीचा आहे का, का घराच्या पॉलिसीत येतो? नवी स्लेड बजेटच्या बाहेर आहे, जुनी घेताना काय बघायचं? आणि अजून एक, आमच्या मागच्या शेतातून एक ट्रेल जायची, ती यंदा आडवं लाकूड टाकून बंद केलीये, "ट्रेल क्लोज्ड" पाटी लावलीये. सरकारी ट्रेल अशी कोणी परस्पर बंद करू शकतं का? शेजारी पण हळहळत होते.

हंट्सव्हिलकर

बॅरीकर, स्वागत. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. ती ट्रेल सरकारी नाहीये हो. दक्षिण ओन्टारिओतल्या बहुतेक ट्रेल खाजगी जमिनीवरून जातात, कोणाचं मक्याचं शेत, कोणाचं रान, कोणाचा गोठ्यामागचा रस्ता. मालकाने क्लबला हिवाळ्यापुरती परवानगी दिलेली असते, बऱ्याचदा भाडं वगैरे काही नाही, नुसता शब्द आणि एक साधा कागद. त्याने उद्या नको म्हटलं की विषय संपला, कोर्ट नाही कचेरी नाही. उत्तरेला गेलात की क्राउन लँड म्हणजे सरकारी जमीन जास्त लागते, तिथे चित्र थोडं वेगळं आहे, पण तुमच्या भागात तर सगळं मालकांच्या मर्जीवर.

ओएफएससी म्हणजे ओन्टारिओ फेडरेशन ऑफ स्नोमोबाईल क्लब्ज, १९६६ पासून आहे, साधारण ३० हजार किलोमीटरचं जाळं आहे आणि ते चालवतात गावोगावचे क्लब, म्हणजे तुमच्या आमच्यासारखी नोकरीधंदा करणारी माणसं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फांद्या छाटणं, पडलेली झाडं कापणं, पुलांच्या फळ्या बदलणं, शेतातून खुंट ठोकत जाणं, दिशादर्शक पाट्या लावणं, मग मार्चमध्ये ते सगळं परत काढून घेणं. ग्रूमर, म्हणजे ट्रेलवरचा बर्फ दाबून सपाट करणारं यंत्र, शक्यतो रात्री चालवतात कारण थंडीत मागचा दाबलेला बर्फ चांगला बसतो, त्याला काही तास कोणी हात, म्हणजे ट्रॅक (स्लेडखाली फिरणारा रबरी पट्टा), लावला नाही तर सकाळी डांबरी रस्त्यासारखी ट्रेल मिळते. ग्रूमर धावतो सायकलच्या वेगाने, त्यामुळे एका शिफ्टला किती वेळ लागत असेल विचार करा.

तर परमिट हे या सगळ्याचे पैसे आहेत. परमिट स्लेडचं असतं, माणसाचं नाही, दोन स्लेड तर दोन परमिट, एकावर दोघं बसत असाल तर एक पुरे. १ नोव्हेंबरच्या आत घेतलं तर सगळ्यात स्वस्त, मग १ डिसेंबरपर्यंत थोडं जास्त, त्यानंतर पूर्ण किंमत. १९९९ किंवा त्याआधीचं मॉडेल असेल तर क्लासिक परमिट कमी पैशांत मिळतं. घेताना क्लब निवडायला सांगतात, तिथे तुमच्या जवळचा निवडा. परमिटशिवाय ट्रेलवर गेलात तर गुन्हा आहे, आणि ट्रेलवर ओपीपी म्हणजे प्रांताचे पोलीस असतात आणि स्टॉप या ट्रेलवरच्या गस्ती पथकाचे स्वयंसेवक ऑफिसरही असतात, थांबवून परमिट, ओनरशिप, इन्शुरन्सची स्लिप, लायसन्स सगळं बघतात.

आणि निघायच्या आधी इंटरअॅक्टिव्ह ट्रेल गाइड उघडून बघायचाच. हिरवी म्हणजे उघडी, पिवळी म्हणजे उघडी पण जपून, लाल म्हणजे बंद. लाल ट्रेलवर बर्फ दिसतोय म्हणून जायचं नाही, लाल असते म्हणजे त्या दिवशी आपल्याला त्या शेतात पाऊल टाकायची परवानगीच नाहीये.

चहा_आणि_बर्फ

हंट्सव्हिलकर +१, फार छान लिहिलंत. बॅरीकर, विकत घ्यायच्या आधी एकदा भाड्याने घेऊन बघा. मस्कोका, हॅलिबर्टनला भाड्याने देणारे आहेत, हेल्मेट-सूटसकट देतात, परमिटही त्यातच असतं बहुतेक ठिकाणी. माझ्या जावेला हौस प्रचंड होती पण दिवसभर अंगठ्याने थ्रॉटल दाबून मनगट भरून आलं, तिने मग स्नोशूइंगच पसंत केलं. आणि मिसेस बॅरीकरांना स्वतःची वेगळी स्लेड हवी आहे की मागे बसायचंय हे आधी ठरवा, दोन सीटवाली टूरिंग स्लेड लांब आणि जड असते, एकट्या माणसाला ती बर्फातून ओढून काढणं जमत नाही.

प्रीमियम_ताई

इन्शुरन्सबद्दल मी लिहिते, मी ब्रोकरच्या ऑफिसात हेच काम करते.

बॅरीकर, स्वतःच्या जमिनीबाहेर स्लेड काढली की ओन्टारिओत इन्शुरन्स सक्तीचा आहे. घराच्या पॉलिसीत येत नाही, लोक हमखास असं धरून चालतात की गॅरेजमध्ये आहे म्हणजे घराबरोबर कव्हर असेल, तर तसं नसतं. स्नोमोबाईलची पॉलिसी ही गाडीच्याच जातीची असते, म्हणजे थर्ड पार्टी लायबिलिटी, अॅक्सिडेंट बेनिफिट्स, इन्शुरन्स नसलेल्या माणसाने ठोकलं तर त्याचं कव्हर. कोलिजन (टक्कर होऊन आपल्या स्लेडचं झालेलं नुकसान) आणि काँप्रिहेन्सिव्ह (चोरी वगैरे) हे तुमच्या मर्जीचं.

कायद्याने लायबिलिटी किमान २ लाख डॉलर. माझं कळकळीचं सांगणं, २ लाखावर थांबू नका, १० लाख किंवा २० लाख घ्या. प्रीमियममध्ये फरक फारसा पडत नाही आणि स्लेडचे अपघात लहान नसतात, झाड, कुंपणाची तार, समोरून वळणावर येणारा दुसरा रायडर. एखाद्याच्या मणक्याला इजा झाली तर २ लाख म्हणजे काहीच नाही, उरलेलं तुमच्या घरावर येतं.

कोटेशन मागताना हे सांगा आणि विचारा: मॉडेल, वर्ष, सीसी, कोण कोण चालवणार, गाडीच्या लायसन्सवर काय काय आहे. हो, गाडीचं रेकॉर्ड इथेही बघतात. गाडी आणि घर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच आधी विचारा, काही कंपन्या नुसत्या स्लेडची पॉलिसी देतच नाहीत. स्टड (ट्रॅकला लावायचे खिळे), जीपीएस, सामानाची बॅग, बदललेला एक्झॉस्ट असं नंतर लावलेलं काही असेल तर लिहून द्या, नाहीतर क्लेमच्या वेळी ते मोजत नाहीत. ट्रेलर आणि ट्रेलरवरची स्लेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळं विचारा. बर्फातून खाली पाण्यात गेली तर कशाखाली येतं हेही विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

जुनी अडीच-तीन हजारांची स्लेड असेल तर कोलिजन घेऊन फायदा नाही, डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून भरायचा हिस्सा, वजा केल्यावर हातात काय येणार. पण चोरीसाठी काँप्रिहेन्सिव्ह ठेवा आणि उन्हाळ्यात ते काढू नका, कारण स्लेड चोरीला जातात त्या बऱ्याचदा उन्हाळ्यातच, कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असते आणि महिनोन्महिने कोणी बघत नाही.

कोणाला चालवायला देताना दहादा विचार करा. पॉलिसी तुमची, जबाबदारी तुमची. समोरच्याचं लायसन्स चालू आहे ना एवढं तरी बघाच, ज्याचं गाडीचं लायसन्स सस्पेंड आहे त्याला स्लेडही चालवता येत नाही. आणि दारू पिऊन स्लेड चालवणं हा गाडीइतकाच गुन्हा आहे, गाडीचं लायसन्सही जातं.

बॅरीकर

बापरे, इतकं सविस्तर! प्रीमियम ताई, खूप खूप आभार, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या गाडीवाल्या कंपनीला फोन केला तर त्यांनी दोन स्लेडचं कोटेशन वेगळं आणि एक टूरिंगचं वेगळं दिलं, एकीचं बरंच कमी आहे. बायको म्हणतेय तिला स्वतःचीच हवी :) तिचं लायसन्स जी२ आहे (शिकाऊच्या पुढचं, अजून पूर्ण नाही), ते चालतं का? आणि मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याला कधी चालवता येईल?

प्रीमियम_ताई

जी२ चालतं, फक्त कंपनीला सांगा. मुलगा १२ पूर्ण झाला की स्नोमोबाईल ऑपरेटरचा कोर्स करू शकतो, ते लायसन्स मिळालं की ट्रेलवर चालवता येईल. पण रस्त्याच्या कडेने जायचं किंवा रस्ता ओलांडायचा तर १६ पूर्ण लागतात, आणि आमच्या भागात रस्ता न ओलांडता जाणारी ट्रेल शोधावी लागेल. तोपर्यंत मागे बसू दे, हेल्मेट त्याच्या मापाचं घ्या, मोठ्यांचं नको.

वेगाची मर्यादा ट्रेलवर ताशी ५० किलोमीटर आहे, वेगळी पाटी नसेल तर. शहरी रस्त्याच्या कडेने, जिथे गाड्यांना ५० किंवा कमी आहे, तिथे फक्त २०.

सडबरीचं_गॅरेज

आता जुन्या स्लेडचं बोलू, हा माझा आवडीचा विषय.

सगळ्यात आधी, तुम्ही पोचाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे, विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. पोचलात की हूड उघडून एक्झॉस्टला हात लावा. गरम असेल तर थंड असताना ती सुरू व्हायला कुरकुरते असं समजा. टू स्ट्रोक असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, मीटर काही महाग नसतो, दोन्ही सिलिंडरचं रीडिंग एकमेकांच्या जवळ हवं. एक बरंच खाली असेल तर इंजिन उघडायची वेळ आलीये, किंमत त्या हिशोबाने पाडा किंवा सोडून द्या.

मग खाली बसा, टॉर्च घ्या. ट्रॅक हाताने फिरवून पूर्ण बघा, रबराचे दात तुटलेत का, कडेला दोरे निघालेत का, स्टड उपटून भोकं पडलीत का. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्या हायफॅक्स किती उरल्यात बघा. चाकं हलवून बघा, बेअरिंग खडखडतं का. पुढे स्कीच्या वरचे आर्म आणि मधली चौकट, तिथे वाकलेलं, वेल्डिंग केलेलं, एका बाजूचा रंग नवा, असं काही दिसलं तर ती झाडावर गेलेली आहे. फार लोक नवीन हूड चढवून विकतात.

टनेलवर, म्हणजे ट्रॅकच्या वरच्या धातूच्या आच्छादनावर, चेसिस नंबर कोरलेला असतो, तो ओनरशिपच्या कागदाशी ताडून बघा, एकेक आकडा. आणि नंबरावर लीन सर्च करा, थोडे पैसे पडतात पण आधीच्या मालकाचं कर्ज बाकी असेल तर बँक स्लेड तुमच्या दारातून उचलून नेते. खाजगी खरेदीवर १३ टक्के टॅक्स सर्व्हिसओन्टारिओ या सरकारी कार्यालयात नावावर करताना भरावा लागतो, ते बजेटमध्ये धरा, आणि ६ दिवसांच्या आत नावावर करून घ्या. रजिस्ट्रेशन नंबर हूडच्या दोन्ही बाजूंना लावायचा असतो.

कुठली कंपनी? स्की-डू आणि पोलारिस यांचे पार्ट सगळीकडे मिळतात. यामाहाने २०२३ मध्येच जाहीर केलं की ते स्नोमोबाईलमधून बाहेर पडतायत, उत्तर अमेरिकेसाठी २०२५ हे शेवटचं मॉडेल. त्यांची फोर स्ट्रोक इंजिनं फार दणकट, मी स्वतः जुनी यामाहा घ्यायला कचरणार नाही, पण जवळ डीलर आहे का बघून घ्या. आर्क्टिक कॅटचं उत्पादनही मध्यंतरी थांबलं होतं, २०२५ मध्ये मालक बदलले. चांगल्या स्लेड आहेत, पण या अस्थिरतेमुळे भाव पडलेत, म्हणजे घासाघीस करायला जागा आहे.

तुम्ही ग्रूम केलेल्या ट्रेलवरच जाणार असाल तर १२९ ते १३७ इंचाचा ट्रॅक आणि ६०० सीसी भरपूर झालं. ८५० च्या मागे लागू नका. लांब ट्रॅक खोल भुसभुशीत बर्फासाठी असतो, ट्रेलवर वळताना जीव काढतो.

एक गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत नाही. लिक्विड कूल्ड स्लेडचं इंजिन ट्रॅकने उडवलेल्या बर्फानेच थंड होतं, टनेलखाली रेडिएटरसारखे कूलर असतात त्यावर तो बर्फ आपटतो. हायफॅक्सला वंगण पण तोच बर्फ. ट्रेल कडक काचेसारखी झाली की बर्फ उडतच नाही, टेंपरेचर चढतं आणि हायफॅक्स वितळून ट्रॅकला चिकटते. त्यासाठी मागे आइस स्क्रॅचर लावतात, स्प्रिंगची दोन बोटं बर्फ खरवडत येतात. जुन्या स्लेडला नसतील तर पहिल्या दिवशी लावून घ्या.

पोह्यांची_प्लेट

आम्ही गुलमर्गला पाच मिनिटं बसलो होतो मागे, तेवढ्यावर अजून गप्पा मारतो :) हे सगळं वाचून कळलं की यात किती काय काय आहे. सियाचीनला आपले जवान पण स्नो स्कूटर वापरतात ना, रसद न्यायला?

सडबरीचं_गॅरेज

हो वापरतात. मुळात हे वाहन गरजेपोटीच जन्माला आलं. क्यूबेकमधल्या व्हॅलकोर्टच्या जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डियेचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला, बर्फामुळे त्याला हॉस्पिटलात नेताच आलं नाही. त्यानंतर तो माणूस बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागेच लागला. आधी डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं नेणाऱ्या मोठ्या बंद गाड्या केल्या, छोटी स्की-डू आली १९५९ मध्ये. उत्तरेकडच्या खेड्यांत आजही स्लेड म्हणजे कामाचं वाहन आहे, हौस नाही.

गाटिनोपार

ओटावाहून लिहितोय. नदी ओलांडून क्यूबेकात जाणार असाल तर ओन्टारिओचं परमिट तिथे चालत नाही, तिथल्या फेडरेशनचं, एफसीएमक्यूचं वेगळं घ्यावं लागतं, एका दिवसाचंही मिळतं. लायबिलिटी तिथे किमान १० लाख डॉलर लागते, म्हणजे ताईंनी १० लाख सांगितले ते तिथेही कामाला येतात.

क्यूबेकच्या लोकांसाठी एक फार महत्त्वाचं. तिथे गाडीच्या अपघातात जखमी झालं की सरकारी एसएएक्यू पैसे देते, तशी सवय असते. पण स्लेडच्या अपघाताला ते लागू नाही, चालत्या गाडीशी टक्कर झाली असेल तरच. झाडावर गेलात तर स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा असला तर असला. माझ्या एका सहकाऱ्याचे दोन्ही पाय मोडले, सहा महिने बिनपगारी घरी होता.

आणि ट्रेल बंद होण्याबद्दल, आमच्याकडे पण तेच. पी'ती ट्रँ द्यू नॉर नावाचा जुना रेल्वेमार्ग आहे क्यूबेकच्या लॉरेंशियन भागात, त्यावर स्लेड जायच्या, काठावरच्या रहिवाशांनी आवाजाविरुद्ध दावा लावला आणि २००४ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मला तो निकाल पटतो. रात्री दोन वाजता कोणाच्या खिडकीखालून ओपन एक्झॉस्टची स्लेड गेली तर तो माणूस आपल्या बाजूने कशाला उभा राहील.

लिंडसेचं_शेत

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. आम्ही रायडर नाही, आमच्या शेतातून ट्रेल जाते. नवरा इथलाच, सासऱ्यांच्या काळापासून क्लबला परवानगी आहे.

बॅरीकर, तुमच्या मागच्या शेतकऱ्याने का बंद केली मला माहीत नाही, पण आम्ही बंद करायला का निघालो होतो ते सांगते. ट्रेल आमच्या बांधाच्या कडेने आहे, दोन्ही बाजूंना क्लबने खुंट ठोकलेत. मधल्या पट्ट्यात हिवाळी गहू होता. हा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतो, बोटभर वर येतो आणि बर्फाखाली झोपतो, मऊ बर्फ ही त्याची गोधडी. त्यावरून स्लेड गेली की बर्फ दबतो, त्याचा कडक थर होतो, थंडी आत शिरते, आणि वसंतात बाजूचा सगळा बर्फ गेला तरी ते पट्टे तसेच गारठलेले राहतात, खाली रोप कुजतं. एका रात्री तीन-चार जणांनी खुंट ओलांडून आख्ख्या शेतात गोल गोल चकरा मारल्या. एप्रिलमध्ये हिरव्या गव्हात ती सगळी गोलं पिवळी उमटली, रस्त्यावरून दिसत होती. नवरा कुंपणाशी उभं राहून बघत बसायचा. अल्फाल्फाचं (लसूणघासाचं) तर याहून वाईट होतं. शेजारी ख्रिसमस ट्रीची लागवड आहे, बर्फात लहान झाडांचे नुसते शेंडे वर असतात, त्यावरून स्लेड गेली की शेंडा तुटतो आणि ते झाड विकायच्या लायकीचं राहत नाही, सात-आठ वर्षांची मेहनत.

क्लबची माणसं दुसऱ्याच दिवशी आली. अध्यक्षीणबाई स्वतः होत्या. खुंट दुप्पट केले, दोर बांधला, पोलिसांत कळवलं, त्यांनी येऊन गस्तही घातली, आणि वसंतात तिच्या नवऱ्याने येऊन आमचं पडलेलं गेट बसवून दिलं. म्हणून ट्रेल राहिली. नियमाने नाही राहिली, त्या माणसांनी आमची विचारपूस केली म्हणून राहिली.

कृष्णाकाठ

साताऱ्याहून वाचतोय, विषय आमचा नाही पण ताईंचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे शेतरस्त्यावरून निम्मे वाद असतात. आमच्याकडे रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट अॅक्ट १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, नवीन रस्ता हवा तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे बांधावरून. इतकी वर्षं लोक तिथून जातायत तर तुमच्याकडे वहिवाटीचा हक्क नाही का लागत?

हंट्सव्हिलकर

कृष्णाकाठ, नेमका प्रश्न विचारलात. नाही लागत. क्लब जाणीवपूर्वक कागदावर लिहून देतो की ही फक्त परवानगी आहे, आणि परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी त्यातून हक्क उभा राहत नाही. आम्हाला तसंच हवंय. कारण मालकाला जर जरा जरी वाटलं की उद्या हे लोक हक्क सांगतील तर आजच गेट बंद करेल.

हे आम्ही २०१६ मध्ये डोळ्यांनी बघितलंय. सरकारने ट्रेलसाठी कायदा आणला, बिल १००, सपोर्टिंग ओन्टारिओज ट्रेल्स अॅक्ट. त्यात ट्रेलसाठी ईझमेंट, म्हणजे जमिनीतून जाण्याचा नोंदवलेला हक्क, देण्याची तरतूद होती, मालकाची इच्छा असेल तरच. पण गावोगाव बातमी पसरली की सरकार आता जमिनीवर कायमचा हक्क बसवणार. भराभर मालकांनी परवानग्या काढून घेतल्या, ट्रेलचे तुकडे पडले. सरकारला स्पष्ट करावं लागलं की हे स्वेच्छेनेच आहे. आम्ही घरोघर जाऊन समजावत होतो, काही परत आले, काही नाही आले ते नाहीच.

गंमत अशी की त्याच कायद्याने मालकांच्या बाजूची चांगली गोष्ट केली. परवानगीशिवाय घुसणाऱ्याचा जास्तीत जास्त दंड २ हजारांवरून १० हजार डॉलर केला. शिवाय ऑक्युपायर्स लायबिलिटी अॅक्ट आहे, मालक पैसे न घेता करमणुकीसाठी येऊ देत असेल तर आलेल्या माणसाने धोका स्वतः पत्करला असं धरतात, मालकाने मुद्दाम किंवा अगदी बेफिकिरीने कोणाला इजा होईल असं काही केलं नाही म्हणजे झालं. वर क्लबच्या इन्शुरन्समध्ये मालकाला कव्हर मिळतं. पुढच्या वेळी कोणी म्हणालं की परमिट कशाला घ्यायचं, मी आपला कडेकडेने जातो, तर त्याला हे सांगा. हा विमापण परमिटच्या पैशातूनच भरला जातो.

ड्युलुथचा_वारा

मिनेसोटातून. आमच्याकडे इन्शुरन्स कायद्याने सक्तीचा नाही, तरी घ्याच, वर ताईंनी दिलेली कारणं इथेही तीच. ट्रेलचे पैसे राज्याच्या ग्रँट-इन-एड योजनेतून क्लबना जातात, रजिस्ट्रेशन फी आणि पेट्रोलच्या टॅक्सचा वाटा. १९७६ नंतर जन्मलेल्या सगळ्यांना सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. बाकी जमीन खाजगी, शब्दावर चाललेलं, अगदी तसंच.

२०२३-२४ चा हिवाळा इथे आणि तुमच्याकडेही विक्रमी उबदार गेला. परमिट काढून लोक बसले आणि बर्फच पडला नाही, क्लबचे ग्रूमरचे हप्ते मात्र चालू होते. अशा वर्षानंतर लोक पुढच्या वर्षी परमिट घ्यायला कांकू करतात, पण क्लब मोडला की बर्फ पडूनही ट्रेल मिळणार नाही.

सिमकोकाठ

बॅरीकर तुम्ही सिमको तलावाजवळ म्हणून हे सांगतो, कृपया गांभीर्याने घ्या. स्लेडसाठी भरपूर जाडीचा, स्वच्छ निळसर कडक बर्फ लागतो. पांढरा, मऊ, पाणी मुरलेला बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट धरा. आणि एका जागी जाड म्हणजे सगळीकडे जाड असं नाही. ऑरिलियाजवळ अॅथर्ली नॅरोज, जिथे सिमको आणि कुचिचिंग जोडतात, तिथे खाली पाणी वाहतं, बर्फ कधीच भरवशाचा नसतो. दुसऱ्याचा माग दिसतो म्हणून त्यावरून जाऊ नका, तो आठवड्यापूर्वीचा असू शकतो. तरंगणारा सूट घ्या, गळ्यात बर्फात रोवायचे खिळे अडकवा, एकटे जाऊ नका. नवीन माणसाने पहिल्या वर्षी तलावावर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅरीकर

सगळ्यांचे किती आभार मानू. तलाव यंदा नाही, ठरलं.

अपडेट देतो. सडबरीकरांनी सांगितल्याप्रमाणे एक स्लेड बघून आलो, इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं, आणि डाव्या बाजूचा आर्म नवा कोरा, उजवा गंजलेला. सोडून दिली. दुसरी बघतोय, ६०० आहे, चेसिस नंबर मागवलाय, लीन सर्च करून मगच जाणार. परमिट दोन्ही १ नोव्हेंबरच्या आत काढायची.

आणि मागच्या ट्रेलचं कळलं. जुन्या मालकांनी शेत विकलं, नवीन कुटुंब आलंय, क्लबचं कोणी अजून त्यांना भेटलेलं नाही, म्हणून क्लबनेच पाटी लावली. मी क्लबला फोन केला तर ते म्हणाले तुम्ही शेजारी आहात तर आमच्याबरोबर चला. मी जाणार आहे, बायको पण येतेय. लिंडसे ताई, तुम्ही मालक म्हणून सांगा, काय बोलावं?

लिंडसेचं_शेत

अरे वा, जरूर जा. आधी ट्रेलचं काढू नका, तुम्ही शेजारी आहात, नवीन आलात तसेच तेही नवीन, ओळख करून घ्या. मग नकाशा छापून न्या, फोनवर दाखवू नका, कागद त्यांच्या टेबलावर राहिला पाहिजे म्हणजे ते मागाहून आपसांत बोलतात. त्यांना काय पेरायचंय ते विचारा आणि ट्रेल त्याच्या कडेने वळवता येईल का हे क्लबच्या माणसाला तिथेच बोलू द्या. इन्शुरन्सचा कागद न्या, पण मागितल्यावर द्या. ग्रूमर साधारण किती वाजता जातो ते खरं सांगा, रात्रीचा आवाज होतो हे लपवू नका. काही चुकलं तर फोन कोणाला करायचा तो एक नंबर द्या, तीन नको, आणि तो माणूस फोन उचलणारा हवा. लगेच हो म्हणाले नाहीत तर आग्रह करू नका, यंदा नाही तर पुढच्या वर्षी.

हंट्सव्हिलकर

ताईंचं हे मी छापून आमच्या क्लबच्या मीटिंगला नेतोय, चालेल ना?

लिंडसेचं_शेत

न्या की.

बॅरीकर

रविवारी दुपारी जातोय. त्यांच्याकडे गायी आहेत असं शेजारी म्हणाले, दूध काढायची वेळ विचारून घेतलीये, त्याच्या आधी उठायचं. काय होतं ते इथे लिहितो.